मी हलेना, गाडी चालेना

मी बॅटरी बोलतेय. टॉर्चमध्ये घालतात ती चिमुकली नव्हे, मोटारीतली, चांगली चौदा किलोंची. वजन आधीच सांगून टाकते, कारण मला पहिल्यांदा उचलणारा प्रत्येक माणूस ते विसरतो आणि मग कंबर धरून बसतो. सध्या माझा मुक्काम अंगणातल्या भिंतीशी, एका जुन्या पोत्यावर आहे. थोड्या वेळात मला न्यायला येतील, तोवर चार शब्द बोलून घेते.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, तेजाब ओतलं, झाकण बसवलं, उचलायला वर एक पट्टा लावला, की झाली मी. पोटात जन्मापासून तेजाब असल्यामुळे माझं बोलणं जरा झोंबतं. फार मनावर घेऊ नका.

दुकानाच्या फळीवरून मला घरी आणलं ते आप्पांनी. आप्पा पाणीखात्यात नळजोडणी करायचे आणि तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी जमिनीखालचे नळ जोडले. तिथे एक नट ढिला राहिला की अख्ख्या गल्लीत पाणी, वर साहेबांची बोलणी. त्यामुळे त्यांच्या हाताला एक खोडच लागली होती. कुठलीही गोष्ट आधी हाताने आवळायची, मग पान्याने, आणि शेवटी एक फेरा मनाच्या समाधानासाठी.

नोकरी संपली, खोड काही संपली नाही. बरणीचं झाकण असो, पाण्याची बाटली असो, आप्पांनी बंद केली की उघडायला आप्पाच लागत. त्यांची बायको, म्हणजे घरातल्या आई, म्हणायच्या, "ह्यांनी डबा भरून दिला तर डब्याबरोबर ह्यांनाही पाठवावं लागतं."

आप्पांची गाडी तेव्हाच एकवीस वर्षांची होती. तिच्यात माझ्यासाठी जी बैठक होती ती माझ्यापेक्षा बोटभर मोठी निघाली. साहजिकच मी खडखडायची. दुसरा कुणी असता तर त्याने रेडिओचा आवाज वाढवला असता. पण आप्पांना खडखड म्हणजे कुणीतरी आपल्या कामाला नावं ठेवतंय असं वाटायचं.

त्यांनी माझ्या डोक्यावरची पट्टी आवळली. तरी खडखड. मग त्यांनी नळाच्या कड्यातून एक चाप घडवला आणि तो माझ्या पायाशी, कुणाला दिसणारही नाही अशा जागी बसवला. त्याच्या बोल्टला धागा गुंडाळला, सफेदा फासला आणि नट आवळला. धागा आणि सफेदा म्हणजे नळाचा जोड गळू नये म्हणून करायचा उपाय. वाळला की दगड होतो. मी काही गळणारा नळ नव्हते, पण आप्पांना बोल्ट एकाच पद्धतीने बसवता यायचा. वरून फाटकाचा उरलेला हिरवा रंगही फासला. खडखड थांबली. त्या दिवसापासून मी गाडीत नव्हे, गाडीच्या हाडात बसले.

सहा वर्षं मी इमानेइतबारे चाकरी केली. माणसांची एक रीत मला तिथे कळली. गाडी सुरू झाली की म्हणतात, गाडी भारी आहे. नाही सुरू झाली की म्हणतात, बॅटरी बेकार आहे. आतला दिवा विसरून जाणारे तेच, आणि सकाळी कपाळाला हात लावून माझ्या नावाने बोटं मोडणारेही तेच.

मग आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी आठ महिने दारात उभी राहिली. मुलगा बोटीवर नोकरीला, तो वर्षातून एकदा येणार. मला कुणी विचारलं नाही. बसून बसून माणसाचं पोट सुटतं, तशा माझ्या दोन्ही कुशी फुगल्या. डोक्यावर पांढरी बुरशीसारखी पूड जमली. अंगात जोर म्हणाल तर हॉर्नसुद्धा वाजेना.

अशात सूनबाईंना नोकरी लागली. त्या नर्स आहेत. गाडीही चालवता येते, पण आप्पांनी किल्ली कधी दुसऱ्याच्या हाती दिली नव्हती. दूरच्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली, ड्यूटी सकाळी सहाची. पहिली बस सातला. याच बसच्या पायी मागच्या वर्षी त्यांनी तिथली एक नोकरी सोडून दिली होती. या वेळी रुग्णालयाने स्पष्टच सांगितलं होतं, सोमवारी सहाला हजर व्हा, नाहीतर पुढच्या बाईला बोलावतो. त्या खिन्न होऊन बसल्या तेव्हा आप्पाच काठी आपटत म्हणाले, "बस गेली उडत. गाडी आहे ना! रविवारी दुपारपर्यंत सुरू करून देतो. माझा शब्द."

शब्द दिला खरा, पण त्यांना त्या वेळी माझ्या पायाशी बसलेला तो बोल्ट आठवला नाही.

रविवारी दहाला गॅरेजवाला आला. बरोबर खोक्यात नवी बॅटरी. माझी सवतच म्हणा ना. चकचकीत होती, आणि अजून एकदाही शिवी खाल्लेली नव्हती. गॅरेजवाल्याने सोड्याचं गरम पाणी ओतून माझ्या डोक्यावरची पूड धुतली, आधी काळी वायर सोडली, मग लाल. डोक्यावरची पट्टी काढली. हात झटकले. "पाच मिनिटांचं काम आहे, आप्पा. एकला मला दुसरीकडे जायचंय, त्याच्या आत चहासुद्धा होईल."

त्याने माझा पट्टा धरून हिसका दिला. मी हलले नाही. त्याने पाय रोवून दुसरा हिसका दिला. मी तरीही हलले नाही. तिसऱ्या हिसक्याला माझा पट्टा तुटला आणि गॅरेजवाला दोन पावलं मागे जाऊन थेट अंगणातल्या कुंडीत बसला.

"फुगलीये," तो कुंडीतून उठत म्हणाला.

मी फुगले होते हे खरं, पण एवढीही नाही. बाईमाणसाच्या अंगावर सगळं ढकलायला लोकांना फार सोपं जातं. त्याने साबणाचं पाणी ओतलं, फळकुट घातलं, पहार घातली. अर्धा तास गेला. गाडी पुढून वर उचलली जाई आणि परत खाली बसे, पण माझा काही ठाव सुटेना. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले आप्पा इतका वेळ भरभरून सूचना देत होते. हळूहळू ते गप्प झाले. मी ओळखलं, यांना आठवलं.

पण बोलतील तर शपथ. तीस वर्षं कुणी त्यांच्या कामात खोट काढली नव्हती, आणि आता काल-परवाच्या गॅरेजवाल्यासमोर सांगायचं की मी बॅटरीला नळासारखी बसवलीये? ते चष्मा पुसत बसले. आपलेच दात, आपलेच ओठ.

अकरा वाजता गॅरेजवाल्याने पहार खाली टाकली. "आप्पा, इथे नाही व्हायचं. ओढून गॅरेजला नेतो, खालची बैठकच कापतो. बुधवारी गाडी तुमच्या दारात."

"बुधवारी?" आई म्हणाल्या. "अरे, हिला उद्या पोचायचंय!"

"काकू, मी काय करू? निघेना तर निघेना."

सूनबाई दारात उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. नुसतं "असू द्या" म्हणाल्या आणि पदराला हात पुसून फोन हातात घेतला. रुग्णालयाचा नंबर लावायला त्यांचं बोट वर गेलं. ते पाहून मला माझ्या फुगलेल्या कुशींची लाज वाटली. माझ्यात तोंड उघडायची ताकद असती तर मीच ओरडले असते.

"थांब गं!" आप्पा काठी न घेताच उठले. "फोन ठेव. खाली अजून एक चाप आहे. मीच बसवलाय."

पहार उचलायला वाकलेला गॅरेजवाला तसाच सरळ झाला.

"चाप?" गॅरेजवाला म्हणाला. "बॅटरीला?"

"धागा गुंडाळून. सफेदा लावून." आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "खडखडत होती."

आई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, आणि पहिल्यापासून बघत बसलात?"

"आता काय फाशी देणार आहात? माझा ब्लोलॅम्प आणा. तापवला की सफेदा सोडतो."

गॅरेजवाला एका उडीत माझ्या आणि आप्पांच्या मध्ये आला. "हिच्याजवळ आग? आप्पा, गाडी राहू दे बाजूला, माणसंही उरायची नाहीत!" त्याचे मी मनोमन आभार मानले. माझ्या पोटात जो वायू धरलेला असतो त्याला ठिणगीचं भलतंच आकर्षण असतं.

तेव्हा सूनबाई पुढे आल्या. त्यांनी वाकून तो हिरवा बोल्ट नीट पाहिला. "चिकटलेली पट्टी आम्ही कधी ओढून काढत नाही," त्या म्हणाल्या. "आधी भिजवतो. ह्याला शेक देऊ या."

हातमोजे चढवून त्यांनी गरम पाण्यात फडकी बुडवली, पिळली आणि बोल्टभोवती गुंडाळली. थंड झालं की दुसरं. मध्ये मध्ये तेलाचे थेंब. वीस मिनिटं त्यांनी ते न कंटाळता केलं. एकदा तर सवयीने "भाजतंय का?" असंही विचारलं. आयुष्यात मला असं विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

मग पाना लावला. गॅरेजवाल्याने जोर केला, नट ढिम्म. आप्पांनी त्याला बाजूला केलं. "मी आवळलाय, मलाच तो ओळखतो." पण त्या हातांत आता पूर्वीचा जोर नव्हता. पाना दोनदा निसटला. सूनबाईंनी आपले हात त्यांच्या हातांवर ठेवले. दोघांनी मिळून दाबलं आणि नट 'कर्र' करून फिरला. आप्पांनी तोंड फिरवून चष्मा काढला. घाम डोळ्यांत गेला म्हणाले.

माझा पट्टा तुटलेला, म्हणून सूनबाईंनी जुन्या चादरीची घडी माझ्याखाली सरकवली. पेशंटला असंच एका पलंगावरून दुसऱ्यावर नेतात म्हणे. "एक, दोन, तीन!" आणि मी सहा वर्षांनी उजेडात आले.

सवत बसली. आप्पांनी तिची पट्टी आवळायला पाना उचलला, तर तिघंही एकदम ओरडले. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. आप्पा सवयीने चालकाच्या दाराशी गेले, दार उघडलं, पण आत बसले नाहीत. मग दार धरूनच सूनबाईंना म्हणाले, "बस. आता तूच चालवायचीस."

इतकी वर्षं मी त्या गाडीच्या पोटात होते, पण ती रस्त्यावर जाताना कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. जुनी आहे, पण चालीला रुबाबदार आहे हो.

आज सोमवार. पहाटे पाचला सूनबाई निघाल्या. आप्पा फाटक उघडायला लंगडत आले. "डावीकडे घे" इतकं त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. गाडी गेली तरी ते घरात गेले नाहीत. फोन हातात घेऊन माझ्या शेजारच्या पायरीवर बसले. मला आता वितळवतील, माझ्या शिशाची नवी बॅटरी होईल, कुणाच्या तरी गाडीत बसेल. तिच्या वतीने तुम्हाला एकच विनंती. आवळा खुशाल, पण कुठे आवळलंय ते घरात सांगून ठेवा, आणि सांगायला अकरा वाजवू नका.

सहाला पाच मिनिटं असताना फोन वाजला. आप्पांनी तो कानाला लावला, "बरं, बरं" म्हणाले आणि खाली ठेवला. मग त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. सहा वर्षांत त्यांनी मला आवळलं होतं, पुसलं होतं, शिव्याही दिल्या होत्या, पण माझ्याशी बोलले आजच.

"पोचली गं," ते म्हणाले.