माश्या बांधायचा उद्योग

जिन्यावरून पाय घसरला आणि ताईंचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा. सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा. म्हणजे ताई आल्या त्या भावजयीच्या वाट्याला. तिला अख्खी इमारत वहिनी म्हणायची, म्हणून वयानं मोठ्या असूनही ताई तिला वहिनीच म्हणत.

दोघींचं वाकडं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. ताईंचा जन्म सर्वेक्षण कचेरीत नकाशे काढण्यात गेला होता. केसाइतकी बारीक रेघ ओढायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी सवय. वहिनी एका मोठ्या वसतिगृहाची खरेदी सांभाळायची. साबणापासून चादरींपर्यंत सगळं घासाघीस करून आणायची, आणि एकदा बोलायला लागली की समोरच्यानं मान डोलावल्याशिवाय थांबायची नाही.

प्लास्टर निघालं, पण ताईंची बोटं काही वळेनात. फिजिओबाई म्हणाल्या, "बोटांना बारीक काम द्या." विणकामाचा ताईंना कंटाळा. मणी ओवायला दिले तर म्हणाल्या, "मी काय बालवाडीत आहे?"

फिजिओबाई सुट्टीच्या दिवशी नदीत गुडघाभर पाण्यात उभ्या राहून मासे धरायच्या. पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून एक चपटी डबी काढून ताईंसमोर उघडली. आत इवले इवले किडे ओळीनं बसलेले.

"खोट्या माश्या आहेत," त्या म्हणाल्या. "गळाला पिसं, केस, धागा गुंडाळून बांधायच्या. माशाला वाटतं खरीच आहे, आणि तो झडप घालतो."

ताईंनी डबी डोळ्यांजवळ नेली ती चहा निवला तरी खाली ठेवली नाही.

"माश्या मारत बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत," वहिनी नवऱ्याला रात्री म्हणाली. "बांधत बसलेलं पहिलंच."

तरी ती ताईंना घेऊन मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेली. काचेच्या कपाटात सगळं देव्हाऱ्यात मांडावं तसं मांडलेलं. गळ धरून ठेवणारा चिमुकला वाइस, धाग्याचं रीळ धरायची दांडी, कात्र्या, पाकिटात मोजकी पिसं. वहिनीनं किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि चष्मा पुसून परत वाचल्या.

"यात आहे काय एवढं?" तिनं विचारलं. "एक पकड, एक कात्री, चिमूटभर पिसं."

"बाई, हे खास याच कामाचं असतं," दुकानदार म्हणाला. "शिवणकामाचं सामान नाही हे."

ते वाक्य वहिनीला झोंबलं. "तुमच्याकडून दोरासुद्धा न घेता आम्ही माशी बांधू," ती म्हणाली. दुकानदारानं हसून दोघींसाठी दार उघडून धरलं, ते तर आणखीच झोंबलं.

मग सुरू झाली पायपीट. घाऊक बाजारातला कुठला दुकानदार काय विकतो आणि कुठे दबतो, हे वहिनीला तोंडपाठ. लोखंडी सामानवाल्याकडे टेबलाच्या कडेला बसणारा छोटा वाइस मिळाला. रेडिओ दुरुस्तीवाले तारा धरायला वापरतात तो.

"काय धरायचंय?" त्यानं विचारलं.

"माशी," वहिनी म्हणाली. त्यानं वाइस पिशवीत घातला आणि भाव सांगितला.

दवाखान्यांना माल पुरवणाऱ्याकडून मिटल्यावर अडकून राहणारा डॉक्टरी चिमटा आणला. भरतकामाच्या दुकानातून रेशीम आणि केसासारखी सोनेरी जर. रीळ धरायची दांडी नवऱ्यानंच केली, जाड तार वाकवून आणि संपलेल्या रिफिलची नळी बसवून. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात वहिनीनं बिनरंगाचं नेलपॉलिश मागितलं, गाठ पक्की करायला. विकणाऱ्या मुलीनं लाल, गुलाबी, जांभळं सगळं पुढे केलं.

"बिनरंगाचं लावलेलं दिसणार काय, काकू?"

"दिसायला नकोच आहे. माशीला लावायचंय."

मुलीनं रंगीत बाटल्या मागे सारल्या आणि बिनरंगाची कागदात गुंडाळली.

कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडे एक करडा, झिपरा कुत्रा खुर्चीवर बसला होता. त्याचे जमिनीवर पडलेले केस मागितले तर कुत्र्याच्या मालकिणीचा ऊर भरून आला. घरी साठवलेले आणखी देऊ का, असं तिनं विचारलं. वहिनी हो म्हणणारच होती, पण ताईंनी तिचा पदर ओढला.

पिसांसाठी दोघी भांड्याकुंड्यांच्या दुकानात गेल्या. तिथे धूळ झटकायची पिसांची झाडणी असते. वहिनीनं स्वस्तातली जांभळी उचलली. इतका वेळ गुमान मागून चालणाऱ्या ताई अचानक पुढे झाल्या.

"ती नको, रंग जाईल. ही तपकिरी घे. नाही, ही पण नको, काडी जाड आहे. त्या मागच्या दाखवा हो."

दुकानदारानं आतल्या सगळ्या झाडण्या बाहेर काढल्या. ताईंनी एकेक पीस बोटांत धरून उजेडाकडे नेलं. वहिनी तोंडात मारल्यासारखी गप्प उभी होती, आणि तिला ते चक्क आवडत होतं. भाव मात्र तिनंच केला.

घरी जेवणाच्या टेबलाचा ताबा गेला. गळ म्हणून शिवणाच्या सुया तापवून वाकवायच्या, वाइसमध्ये धरायच्या आणि त्यांवर माश्या बांधायच्या. ताईंची पहिली माशी भांडी घासायच्या घासणीची बहीण शोभली असती. बोटं थरथरायची, धागा सुटायचा. ताई मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत, आणि ओठ हलत त्यावरून वहिनीला त्या कळत. मग ती पिसं कापून द्यायची, शेपटी धरून ठेवायची. हळूहळू माशीला कंबर आली, पंख आले. डोळ्याच्या जागी जरीचा ठिपका बसला.

फिजिओबाईंनी माश्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "रविवारी चला नदीवर."

आणि इथेच माशी शिंकली. त्यांनी सुईचा गळ नखानं जरा ओढला, तर तो सरळ झाला. दुसरा कडकन मोडला. वहिनीनं लोखंडी सामानवाला पालथा घातला, पडद्यांचे आकडे पाहिले, तसबिरींचे पाहिले. त्या आकड्यांना मासा नाही, बोकड लागला असता.

शनिवारी ती म्हणाली, "ताई, मी जरा बल्ब घेऊन येते," आणि थेट त्या काचेच्या कपाटांच्या दुकानात गेली.

दुकानदारानं तिला ओळखलं. वहिनी टोमण्याची वाट पाहत उभी राहिली.

"बांधलीत?" त्यानं विचारलं.

तिनं पर्समधून काडेपेटी काढली. त्यानं माशी भिंगाखाली धरून उलटीपालटी केली. "शेपटी लांब झाली. मासा शेपटीच चावून पळेल. पण अंग झकास जमलंय. पिसं कुठली?"

"झाडणीची."

तो हसला. "मी आमच्या आईच्या उशीतली उपटायचो. मार खाल्लाय त्यासाठी. पण दुकान चालवायचं तर हे बोलून कसं चालेल?" त्यानं बारीक गळांचं पाकीट पुढे ठेवलं. "हे मात्र दुसरीकडे नाही मिळायचे. आणि महागही नाहीत."

नव्हतेच. वहिनीनं भाव न करता पैसे दिले आणि रस्त्यावर आल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"मिळाले बल्ब?" ताईंनी विचारलं.

"मिळाले," वहिनी पाकीट टेबलावर ठेवत म्हणाली. "पण फार लहान आहेत."

ताई इतक्या हसल्या की हातातलं रीळ टेबलाखाली गेलं.

रविवारी नदीवर ऊन कोवळं होतं. ताईंच्या मनगटाला काठी झटकून गळ फेकणं झेपणारं नव्हतं, म्हणून फिजिओबाईंनी आपली काठी वहिनीच्या हातात दिली. पहिल्या फेकीत तिनं झुडूप पकडलं. दुसऱ्या फेकीत फिजिओबाईंची टोपी. ताई काठावरच्या दगडावर बसून पाण्याकडे बघत होत्या.

"या वळणाची रेघ मी कितीदा ओढलीय," त्या म्हणाल्या. "इथे एवढा आवाज असेल असं कधी वाटलंच नव्हतं."

वहिनी काहीतरी उत्तर देणार तोच दोरी ताणली गेली. तिनं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. फिजिओबाई शेजारून सांगत राहिल्या, "ओढू नका, जाऊ दे, आता घ्या," आणि शेवटी वीतभर लांबीचा, चकचकीत अंगाचा एक मासा काठाशी आला.

"लहान आहे. सोडायचा," फिजिओबाई म्हणाल्या.

"सोडायचा?" वहिनी म्हणाली. "इतकी दुकानं पालथी घालून?"

"हात ओले करून धरा आधी."

वहिनीच्या दोन्ही हातांत काठी. ताई दगडावरून उठल्या, पाण्यात वाकल्या आणि उजव्या हातानं त्यांनी माशाला खालून उचललं. बोटं त्याच्या अंगाभोवती मिटली, नीट, एकामागून एक. फिजिओबाईंनी गळ अलगद काढला. ताईंनी मासा क्षणभर पाण्यात तसाच धरला, मग मूठ उघडली. तो गेला. वहिनीनं त्याला जाताना पाहिलं आणि हरकत घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

माशीचा एक पंख उडाला होता, जर उसवली होती. ताईंनी ती रुमालात बांधली.

परतताना बसमधून उतरल्यावर वहिनी घराकडे वळली. ताई वळल्या नाहीत.

"पलीकडच्या रस्त्यावर टोप्यांचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "काचेत एक टोपी आहे, तिला करडी पिसं आहेत. मी येता-जाता बघून ठेवलीत."

"टोपी विकत घ्यायची, पिसांसाठी?"

"नाही गं. जुनी मोडकी टोपी आहे का, ते विचारायचं. तू विचार. तुला जमतं."

आणि ताई पुढे निघाल्यासुद्धा. वहिनीनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, काय बोलायचं ते मनाशी जुळवलं आणि झपझप पावलं टाकत तिनं त्यांना गाठलं.