दाद मागायचं कलम

लघुलेखिकाबाईंचा नवरा सरकारी कायद्यांचे मसुदे लिहायचा, आणि बाई वरच्या न्यायालयात न्यायमूर्तींचे निकाल उतरवून घ्यायच्या. म्हणजे एकाच घरातला एक कायदे घडवणार आणि दुसरी ते रद्द झाल्याचे निकाल टाइप करणार. उगाच भांडणं नकोत म्हणून दोघांनी लग्नानंतर लगेच ठरवलं होतं, कामाच्या गोष्टी चपलांबरोबर दाराबाहेर. जागेपणी हे त्यांनी इमानेइतबारे पाळलं. झोपेला कोण नियम लावणार? रविवारी दुपारी जेवून आडवा झाला की नवरा कलमं पुटपुटायचा, आणि शेजारी पेंगणाऱ्या बाईंचं बोट सवयीने चादरीवर लघुलिपी गिरवत राहायचं.

मध्ये कितीतरी रविवार एकच कलम यायचं: ‘ज्याचं घर घेतलं जाईल, त्याला न्यायालयात दाद मागता येईल.’ ऐकत ऐकत बाईंचाही डोळा लागायचा. मग कायदा छापून आला. रस्त्यासाठी कुणाचंही घर मंत्र्याच्या एका शिक्क्यावर घेता येईल आणि त्याविरुद्ध कुठल्याही न्यायालयात जाता येणार नाही, असं त्यात होतं. दाद मागायचं कलम गायब. ते कुणीतरी वरून काढायला लावलं, हे बाईंना न सांगता कळलं, आणि नवऱ्याची फार दया आली.

कायदा यथावकाश न्यायालयात आला. बाईंचा नवरा सरकारी नोकरीत आहे, एवढंच न्यायमूर्तींना ठाऊक होतं. दुपारी ते खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून निकाल सांगायचे. पडदा वाऱ्याने फुगायचा, बसायचा. उन्हाचा पट्टा टेबलावरून खाली सरकायचा. आपण कचेरीत आहोत की घरी चादरीवर, हे बाईंना अशा वेळी नीट सांगता आलं नसतं.

“हा मसुदा लिहिणाऱ्याला राज्यघटना ठाऊक नव्हती,” न्यायमूर्ती सावकाश म्हणाले, “किंवा ठाऊक असून त्याने तिच्याकडे पाठ फिरवली.”

ज्याने ते कलम झोपेतही सोडलं नाही, त्याच्या कपाळी हे? आणि हात चालूच होता.

टाइप केलेली पानं वाचताना न्यायमूर्तींची पेन्सिल थांबली. त्यांच्या त्या वाक्याच्या जागी भलतंच काहीतरी होतं: ज्याचं घर घेतलं जाईल, त्याला न्यायालयात दाद मागता येईल.

हे मी बोललो का, असं त्यांनी विचारलं. बाई नाही म्हणाल्या. नवऱ्याची बाजू मांडायची तर हीच वेळ होती. पण निकाल सांगणाऱ्याच्या कानाशी नवऱ्याची वकिली करायची, हे त्यांच्याच्याने होईना. माझ्या हातून झालं, एवढंच त्या म्हणाल्या.

“वाक्य चांगलं आहे, बाई. पण मला कायदा रद्द करता येतो, लिहिता येत नाही. ते तिकडच्या लोकांनी लिहायचं.” त्यांनी ओळीवर रेघ मारली. “माझं वाक्य परत घाला.”

बाईंनी ते घातलं. एकेक अक्षर जड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी निकाल जाहीर झाला, कायदा रद्द झाला. आठवड्याभराने एका संध्याकाळी नवरा घरी आला तो तसाच, चपलांसकट, आत येऊन बसला. कायदा नव्याने लिहायला सांगितलाय, म्हणाला. त्याने दाद मागायचं कलम सगळ्यांत वर घातलं होतं. मंत्री ते काढा म्हणाले, तेव्हा त्याने निकालातलं मसुदा लिहिणाऱ्याबद्दलचं ते वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि हे पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नाही, म्हणून सांगितलं. कलम राहिलं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. आता बोलायला हरकत नव्हती.

“मी गाळलं होतं हो ते वाक्य. तुमच्यावर अन्याय होता तो.”

नवऱ्याने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते.

“अन्याय कसला? काढा म्हणाले, तेव्हा मी एका शब्दाने विरोध केला नाही. मला सगळं ठाऊक होतं.”