कांद्याच्या वाफ्यातलं खुरपं

मी खुरपं बोलतोय, सिकंदराबादेतल्या तातेरावांच्या परसातून.

मनकर्णाबाई गेल्याची बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. सकाळी त्यांनी वाफा भुसभुशीत केला, कांद्याचं रोप लावलं आणि मला कडेला मातीत रोवून त्या हात धुवायला गेल्या. दुपारी छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात जाताना नवऱ्याला, तातेरावांना, म्हणाल्या, "कांद्याला पाणी घाला." दिवेलागणीला सून रोशनी मागच्या दारात तांदूळ निवडत होती, तेव्हा फोन आला.

घरात माणसं जमली. मला कोणी उचललं नाही.

माझं पातं नांदेडकडच्या लोहाराचं. लग्नानंतर मनकर्णाबाई मला ट्रंकेत घालून इकडे घेऊन आल्या. पुढे मूठ मोडली, तेव्हा बेगम बाजारातून नवी बसवली. त्यांच्या हाताखाली मी कोथिंबीर, अंबाडी, मिरची सगळ्यांची सेवा केली. तातेराव तेव्हा परसात यायचे ते फक्त पेपर वाचायला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेलेला. मातीशी त्यांची ओळखच नव्हती.

दुखवट्याच्या दिवसांत कांद्याचं रोप तहानेनं वाळून गेलं. मग वळवाची एक सर आली आणि वाफाभर हिरवी, बारीक पाती उभी राहिली. तातेराव पाहतच राहिले. त्या दिवसापासून रोज सकाळी ते तांब्यानं पाणी घालायला लागले. शेळ्या शिरू नयेत म्हणून भोवती जुनं लुगडं बांधलं. एकदा रोशनीकडून त्या पातीचं पिठलंही करून घेतलं. रोशनी लहानाची मोठी झाली शहरातल्या कोठी भागात, फ्लॅटमध्ये. तिलाही काही कळलं नाही. पातीला वासच नाही, एवढं मात्र ती म्हणाली. हैदराबादच्या पाण्यात तसंच होतं, असं सांगून तातेराव बराच वेळ चावत राहिले.

मी त्या पातीतच गंजत पडलो होतो. ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

मग एके दिवशी मनकर्णाबाईंची धाकटी बहीण शोभा आली, तेव्हा तातेरावांनी तिला वाफा दाखवत पिठल्याचं सांगितलं. तिनं एक पान बोटांत चुरगाळलं आणि हसत खालीच बसली.

"दाजी, हा लव्हाळा आहे. इथले लोक तुंगा म्हणतात. म्हैससुद्धा तोंड लावत नाही याला, आणि तुम्ही पिठलं केलं?"

तातेराव तांब्या धरून उभेच राहिले. "ती म्हणाली होती, पाणी घाला."

शोभाचं हसू थांबलं. ती म्हणाली, "ताईनं कांद्याला सांगितलं होतं, याला नाही. बसा आता खाली."

त्यांनी मूठभर लव्हाळा धरून ओढला. पाती हातात आली, मूळ खालीच. शोभानं गवत बाजूला सारलं तेव्हा तिच्या हाताला मी लागलो.

"ओढू नका. वर तुटतो, खाली गाठ राहते. बाजूनं माती मोकळी करा आणि मुळाच्या दोऱ्यामागून जा."

तातेराव दोऱ्यामागून जायला शिकले. पांढरा दोरा, त्याच्या टोकाला काळी गाठ, त्या गाठीतून निघालेला पुढचा दोरा. सुरुवातीला घाईनं दोरे कापले, तर आठवड्यात तिथंच नवे कोंब. शोभानं फोनवर विचारलं, दाजी, पेरणी झोकात चाललीय ना? मग मात्र ते चिवटपणे बसले. काढलेल्या गाठी पाटीत भरून गच्चीवर वाळत घातल्या. त्यांचा गोड वास सुटला तेव्हा रोशनी म्हणाली, "पप्पा, पिठल्यातला वास इथं लपला होता की." बऱ्याच दिवसांनी घरात सगळे एकदम हसले.

आता वाफा स्वच्छ आहे. मीही लखलखतोय. शोभानं कांद्याचं रोप पाठवलं होतं, ते तसंच सुकलं. तिनं पुन्हा पाठवलं. तातेराव म्हणतात, अजून एखादी गाठ असेल. रोज सकाळी मला घेऊन बसतात, चाळलेली माती परत चाळतात आणि खाली मान घालून घरातलं सगळं सांगतात: रोशनीला बढती मिळाली, पाण्याचा पंप बिघडला, शेजारी नवे लोक आले. कोणाला सांगतात, ते मी विचारत नाही. ऐकायला मला आवडतं.

पण मालक, मी खुरपं आहे. माती तयार झाली की मला कळतं, आणि ती कधीच झालीय. लव्हाळ्याची एकही गाठ खाली उरलेली नाही.

रोप नळाशी ओल्या गोणपाटात आहे. ते अजून लावलेलं नाही.