घरी जुळवलेला दिवा

सोल्डरिंगच्या राळेचा वास जिन्यातच आला. लिफ्टमिस्त्रीने तो लगेच ओळखला. त्याचे अर्धे आयुष्य त्या वासात गेले होते. पण तो आपल्याच घरातून येत असेल, हे दार उघडेपर्यंत त्याच्या मनात आले नाही. तो ज्या इमारतीत काम करत होता तिथली वीज गेली होती, म्हणून आज तो लवकर परतला होता.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी त्याची बायको बसली होती. नाकावर त्याचाच जुना संरक्षक चष्मा आणि हातात त्याचीच सोल्डरिंगची कांडी. समोर लेकीच्या बंद पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी फोडून ठेवली होती. आतले बोटाएवढे गोल सेल तिने ताटात मांडले होते आणि त्यातल्याच एकावर ती तापलेले टोक दाबून धरत होती.

त्याच्या तोंडचे पाणी पळाले. असा एक सेल तापून फुटलेला त्याने कामावर पाहिला होता.

"ते खाली ठेव," तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला. "हळूच. सेलला आणखी गरमी लावू नकोस."

तिने कांडी स्टँडवर ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चोरी पकडली गेल्यासारखे नव्हे, तर कामात खंड पडल्यासारखे त्याच्याकडे पाहिले. तिथेच तो अधिक हबकला.

"दिवा करतेय," ती म्हणाली. "सायकलला लावायला."

"कुणाच्या सायकलला?"

"माझ्या."

पुढचे तिने हात धुता धुता सांगितले. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, गाद्यांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे यांच्या वाफेत तिची सगळी नोकरी गेली होती. गेली काही वर्षे, ज्या दिवशी तिला घरी यायला उशीर होई, त्या दिवशी ती जादा काम करत नसे. बंद पडलेल्या दगडखाणीच्या मागच्या टेकडीवर ती सायकल चालवायला जात असे. जाड टायरची, पुढच्या चाकाला दणके सोसणारे दांडे असलेली तिची सायकल इस्त्रीखोलीच्या मागे उभी असे. सोबत आणखी चारपाच जण असत. हिवाळ्यात लवकर अंधारून येते आणि विकतचे स्वस्त दिवे नेमके वळणावर मान टाकतात. म्हणून हा उद्योग.

त्याने तिच्या कोपरावरच्या पांढुरक्या डागाकडे पाहिले. तो डाग इस्त्रीच्या चटक्याचा म्हणून त्याने स्वतःच्या हाताने त्यावर मलम लावले होते.

"मी कधी म्हटलं चटका म्हणून?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, इस्त्री लागली का. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

आपल्याला का सांगितले नाही, हे त्याने विचारले तेव्हा तिने उत्तर शोधायला वेळही घेतला नाही. म्हणाली, तुम्ही घाबरला असता. हे खरे होते. लिफ्टच्या बारा मजली उभ्या बोगद्यात दोरखंडाला लटकून काम करणारा हा माणूस साध्या गच्चीच्या कठड्याशी जात नसे. बोगद्याला चार भिंती असतात, असे तो म्हणायचा. उघड्यावर धरायला काय असते?

नंतरचे काही दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरला. कामावर आवळलेला नट पुन्हा आवळू लागला. जिच्या श्वासावरून तिला झोप लागली की नाही हे आपल्याला कळते असे तो समजत होता, ती बाई टेकडीच्या उतारावरून अंधारात खाली झेपावते, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कुठल्याच कप्प्यात बसेना. त्यातच कोण कोण असते, या प्रश्नाला तिने सहज उत्तर दिले होते. धुलाईघरातल्या दोघी, एक शिक्षिका आणि बाजारातला चष्मेवाला. चष्मेवाला या शब्दाशी तो अडखळला. त्याचे तोंड पाहून ती हसली. साठीचा माणूस आहे, चढावर त्याचे गुडघे वाजतात ते मागून ऐकू येते, असे म्हणाली.

तरी तो दुकानात गेलाच. जवळचे धूसर दिसते, असे त्याने सांगितले आणि ते काही खोटे नव्हते. चष्मेवाला म्हणजे बुटका, टक्कल पडलेला, हळू बोलणारा गृहस्थ निघाला. त्याने लिफ्टमिस्त्रीचे नाव वहीत लिहून घेतले, त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळे तपासले आणि मग विचारले, "वहिनींचा दिवा कुठवर आला?"

लिफ्टमिस्त्रीला हनुवटी हलवता येईना. तसाच म्हणाला की, सेल जोडायची तिची पद्धत चुकीची होती, आता तो बघतो आहे. वास्तविक तोवर त्याने काहीच बघितले नव्हते. हे बोलल्यावर मात्र बघणे भाग पडले. निघताना चष्मेवाल्याने खणातून जुन्या यंत्रातले एक जाड भिंग काढून कागदात गुंडाळून दिले. उजेड फार पसरला की लांबचे दिसत नाही, थोडा गोळा करावा लागतो, एवढेच त्याने सांगितले. पैशांचे नाव काढू दिले नाही.

मग दोघे टेबलाशी समोरासमोर बसू लागले. सेलवर थेट डाग न देता पातळ पट्ट्यांनी ते त्याने कामावरच्या यंत्रावर जोडून आणले. सेल फार रिकामे होऊ नयेत, फार भरूही नयेत, म्हणून मध्ये एक छोटी सर्किटची पाटी बसवली. प्रखर दिवा तापतो; त्याची गरमी शोषायला लिफ्टच्या भंगारातला ॲल्युमिनियमचा खाचाखाचांचा तुकडा कामी आला. बॅटरी जेवणाच्या डब्यात ठेवली आणि डबा जुन्या ट्यूबच्या रबराने सायकलच्या दांड्याला बांधला. बटण काय लावायचे यावरून वाद झाला. शेवटी हातमोजे घालूनही दाबता येईल असे लिफ्टचेच बटण लागले, ज्यावर तळमजल्याची खूण होती. "म्हणजे खालीच यायचंय हे लक्षात राहील," तो म्हणाला. ती खूप हसली. बऱ्याच वर्षांनी आपल्या बोलण्यावर ती अशी हसली, हेही त्याला त्या दिवसांतच कळले.

दिवा तयार झाला त्या संध्याकाळी त्यानेच म्हटले की, मी येतो बघायला. खाणीपाशी पोचेपर्यंत उजेड मावळला होता. ती सायकल ढकलत पुढे आणि तो धापा टाकत मागे, असे दोघे पायवाटेने चढून गेले; सायकलींची वाट टेकडीच्या दुसऱ्या अंगाने होती. बाकीचे त्या दिवशी यायचे नव्हते. वर एका सपाट खडकावर तो दोन्ही हात मागे टेकून बसला. उभे राहायची त्याची छाती नव्हती. तिने शिरस्त्राण बांधले आणि बटण दाबले. पांढऱ्या उजेडाची एक वाट टेकडीच्या अंगावर उमटली. एकेक दगड सावलीसकट दिसू लागला. तो पाहतच राहिला. आपल्या टेबलावरून हे निघाले, यावर त्याचा विश्वास बसेना.

"जाते," ती म्हणाली आणि गेली.

उजेड वळला, लपला, पुन्हा दिसला. बायको कुठे दिसत नव्हती, फक्त उजेड पळत होता. त्याने खडकाची कड घट्ट धरली होती आणि त्याच वेळी त्याला हसूही येत होते. मग अर्ध्या उतारावर उजेड थांबला.

तो वाट पाहत राहिला. उजेड हलला नाही. त्याने हाक मारली. खालून काही तरी आवाज आला, शब्द कळले नाहीत. सेल सुटला असेल, ती पडली असेल, डबा पेटला असेल, असे सगळे एकदम त्याच्या डोक्यात आले. आपण उतरायला कधी लागलो, हे त्याला पुढेही आठवले नाही. काही वाट पायांनी आणि काही बसून, हातांचे तळवे सोलत तो त्या उजेडाकडे उतरला.

ती धडधाकट होती. सायकल आडवी टाकून वाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती. उजेडात चष्मेवाला झोपला होता. कुठे रक्त नाही, खरचटलेले नाही. सायकल बाजूला दगडाला टेकवून ठेवली होती, म्हणजे तो पडला नव्हता; दम लागला म्हणून सायकलवरून उतरला असावा आणि बसला असावा. उजेड असतानाच एकटा आला असावा, कारण त्याचा दिवा लावलेलाच नव्हता.

"छातीवर दाबून पाहिलं," ती म्हणाली. "थंड झालेत हो. केव्हाचे थंड झालेत."

परवापरवाच या माणसाने आपली हनुवटी धरून डोळ्यांत पाहिले होते, एवढेच लिफ्टमिस्त्रीच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिले. त्याने फोन केला. जागा कशी सांगायची ते कळेना तेव्हा ती सांगत गेली आणि तो तिच्या मागून बोलत गेला. मग तिने दिव्याचे तोंड वर वळवले, म्हणजे खालून येणाऱ्यांना दिसेल, आणि दोघे त्या माणसाच्या दोन बाजूंना बसून राहिले. तिचे दात वाजत होते. त्याने तिचा हात धरला.

खालून आलेल्या चौघांनी चष्मेवाल्याला झोळीतून खाली नेले. त्यांच्या मागून बायकोने आपली सायकल ढकलली आणि लिफ्टमिस्त्रीने त्याची.

खाणीच्या फाटकाशी रुग्णवाहिका उभी होती. निरोप मिळताच शेजाऱ्याच्या गाडीतून चष्मेवाल्याची बायको आली होती. घरातल्याच चपलांवर, अंगात नवऱ्याचा स्वेटर. तिने झोळीत पाहिले, त्याच्या कपाळावरची माती पुसली. ती रडली नाही. तिला अजून काही कळलेच नव्हते, असे वाटत होते. मग तिची नजर लिफ्टमिस्त्रीच्या हातातल्या सायकलकडे गेली.

"ही कुणाची?"

"त्यांची," तो म्हणाला.

"नाही," ती समजावल्यासारखी म्हणाली. "त्यांना सायकल येत नाही. लहानपणी कुणी शिकवलीच नाही. आमच्या लग्नात माझ्या भावांनी किती चिडवलं होतं त्यांना. तुमची काही तरी चूक होतेय. ते संध्याकाळी दुकानात काचा घासत बसतात."

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि शेवटी पुन्हा सायकलकडे. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते लिफ्टमिस्त्रीने ओळखले. अशा वेळी माणसाला नेमके काय हवे असते, हे तिथल्या कोणापेक्षा त्याला जास्त माहीत होते. सांत्वन नको असते.

"सांग त्यांना," तो बायकोला म्हणाला. "ते सायकल कशी चालवायचे ते सांग."

बायकोने आधी नकारार्थी मान हलवली. तिला जमेल असे वाटेना. मग ती त्या बाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सांगू लागली की, ते माझ्याकडेच शिकले, इस्पितळाच्या मागच्या मैदानात. पहिल्या दिवशी कुंपणात घुसले. मैदानात कोणी आले की उतरून सायकल पुसत असल्याचे नाटक करायचे. चढावर सगळ्यांच्या मागे, पण कधी मध्येच परत फिरले नाहीत.

"आणि उतारावर?" त्या बाईने विचारले.

"उतारावर गाणं म्हणायचे. मोठ्यानं. सूर अजिबात नाही."

"ते गातात?"

रुग्णवाहिकेतल्या माणसाने दार धरून ठेवले होते. निघायला हवे, असे त्याने हळूच सुचवले. त्या बाईने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "कुठलं गाणं म्हणायचे?"

बायको सांगू लागली. चालकाने एकदा त्या दोघींकडे पाहिले आणि इंजिन बंद केले.