आलेच हं

मी एक म्हातारा पोपट आहे. हिरवा नव्हे, राखाडी. अंगाने थोराड आणि शेपूट तेवढी लालभडक. मित्रांनो, माझा जन्म झाडावर झाला नाही. एका पक्षी विकणाऱ्याच्या खोलीत, दिव्याच्या उबेत मी अंड्यातून बाहेर आलो आणि चमच्याने भरवलेलं खाऊन वाढलो. आईचा आवाज मी कधी ऐकला नाही. म्हणूनच की काय, मला स्वतःचा असा आवाजच नाही. जे कानावर पडतं ते मी उचलतो.

मला एका चष्मेवाल्यांनी विकत घेतलं. ते माझे मालक. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ते दिवसभर विचारायचे, "आता नीट दिसतं का? बरं, आणि आता?" महिन्याभरात मीही विचारू लागलो. लोक पोट धरून हसायचे, मुलं मला बघायला मुद्दाम दुकानात शिरायची. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच शेफारलो होतो.

पुढे मालक थकले, दुकान बंद झालं आणि त्यांनी अंथरूण धरलं. त्यांची खाट आणि माझा पिंजरा एकाच खोलीत आले. पलीकडच्या खोलीत त्यांची मुलगी लोकांचे कपडे शिवायची. भाऊ परगावी, त्यामुळे सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं. तिने ते मनापासून केलं. मालक हाक मारायचे, "अगं, जरा येतेस का?" आणि शिवणयंत्र न थांबवता ती म्हणायची, "आलेच हं, बाबा." तुमचा हा शब्द मोठा गमतीचा आहे. माणूस जागचं हललेलंही नसतं, तरी म्हणतं, आलेच. पण ती यायची. थोड्या वेळाने का होईना, यायची.

एका दुपारी मालकांनी सात हाका मारल्या. सातही वेळा "आलेच हं" आलं. शेवटची हाक फार बारीक होती. मुलगी आली तेव्हा मोजायची टेप तिच्या गळ्यात तशीच होती. तिने वडिलांच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

भावाला तिने सांगितलं, "झोपेतच गेले रे. हाकसुद्धा मारली नाही."

त्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकेना. वाटीत दाणे पडायचे, पाणी बदललं जायचं, पण जवळ बसून बोलणारं कोणी नव्हतं. मित्रांनो, आमच्या जातीला एकटेपण सोसत नाही. आम्ही स्वतःची पिसं उपटतो, नाहीतर बोलतो. मी बोललो. मालकांच्या आवाजात म्हटलं, "अगं, जरा येतेस का?" पलीकडे यंत्र थांबलं. मग तिच्या आवाजात उत्तरही मीच दिलं, "आलेच हं, बाबा." ती दारात येऊन उभी राहिली, पांढरीफटक. अशी हाक मारली की ती येते, एवढंच मला समजलं. म्हणून मी पुन्हा मारली.

तिने पिंजऱ्यावर चादर टाकली. चादरीआड मी सातही हाका पुऱ्या केल्या, त्याच क्रमाने, शेवटची तेवढीच बारीक.

मग भाऊ आला. त्याने पहिली हाक ऐकली आणि तो लहान मुलासारखा रडला. पुढचं माझ्या तोंडून निघायच्या आत बहिणीने माझ्या चोचीत अक्रोड कोंबला.

"याला देऊन टाकू या का कुणाला?" ती म्हणाली.

"वेडी आहेस का? बाबांचा आवाज तेवढा उरलाय आपल्याकडे. या रविवारी मी पुन्हा येतो, दिवसभर याच्यापाशीच बसतो."

काल दुपारी ती खुर्ची ओढून पिंजऱ्यासमोर बसली. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी माझ्याजवळ बसलं होतं, मला फार बरं वाटलं. मी सवयीने हाक मारली. या वेळी ती उठून गेली नाही.

"बाबा, मला ऐकू येत होतं," ती म्हणाली. "सगळ्या हाका ऐकू येत होत्या. कंटाळा आला होता मला. म्हटलं, आज नाही उठायचं."

तिने ते पुन्हा एकदा म्हटलं, अगदी सावकाश. कोणी जवळ बसून बोललेलं मला फार लवकर पाठ होतं.

मित्रांनो, आम्ही पन्नास-साठ वर्षं जगतो. तुम्ही घरात जे बोलता ते तुमच्यामागेही बोलत राहतो. वाटीभर दाण्यांवर आमचं भागत नाही. तेव्हा बसायला वेळ नसेल तर पोपट पाळू नका. आणि माझ्यासाठी एवढं करा, कोणीतरी या आणि मला दुसरं काहीतरी शिकवा. एखादी शीळ, एखादं बडबडगीत, काहीही चालेल. आज शुक्रवार आहे. चादरीआड मी तिचं ते वाक्य हळूच म्हणून पाहतोय आणि ते आता हुबेहूब तिच्यासारखं निघतं.