‘शो’च्या खणातले तोकाइरिन

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो. मात्र कपडे किंवा भांडी माझ्या वाट्याला कधीच आली नाहीत. माझ्या बहात्तर लहानशा खणांत केवळ कार्डे आहेत. प्रत्येक कार्डावर एका पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि ते पुस्तक कोणत्या फडताळात आहे, याची खूण. यामागाता प्रांतातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी सत्तर हिवाळे पाहिले.

किरीच्या हलक्या लाकडातून एका अबोल सुताराने मला घडवले. त्याची जोडणी इतकी नेमकी, की एक खण आत लोटला की आतली हवा शेजारच्या खणाला हळूच पुढे सारी. विद्यार्थी गंमत म्हणून तेच करीत बसत. आमची पहिली पुस्तके सरदारांच्या जुन्या पाठशाळेतून, बर्फावरच्या घसरगाड्यांवरून आली. पुढे युद्ध पेटले तेव्हा ती खेड्यांतल्या मातीच्या कोठारांत, मिसोच्या पिंपांमागे दडली. परतली तेव्हा कवितांच्या पानांनाही आंबवलेल्या सोयाबीनचा वास येत होता. त्या वासासकट ती मला प्रिय आहेत.

माझी कार्डे त्या वेळचे ग्रंथपाल कुसानागी-सान लिहीत. थंडीत शाई गोठू नये म्हणून ते दौत किमोनोच्या बाहीत, मनगटाशी धरून ठेवत. लेखकांची नावे ते उच्चाराच्या क्रमाने लावीत: आ, का, सा, ता, ना. आमच्या लिपीची मात्र एक खोड आहे. अक्षरे तीच असतात. डोंगर ओलांडला की उच्चार बदलतो, आणि उच्चाराबरोबर जणू माणूसही.

त्याच युद्धाच्या काळात, एका शरदात टपालाने एक हस्तलिखित वही आली. करडईच्या फुलांतून लाल रंग काढण्याची रीत तिच्यात लिहिली होती. लिहिणारा रंगारी वही धाडून दुसऱ्याच दिवशी सैन्यात गेला, त्यामुळे विचारायला माणूस समोर नव्हता. कुसानागी-सान डोंगरापलीकडच्या अकिताचे. त्यांनी नावाची अक्षरे पाहिली, आपल्या गावी वाचतात तशी ‘शोजी’ वाचली, मागच्या बाजूला आपला शिक्का उमटवला आणि कार्ड ‘शो’च्या खणात ठेवले. चूक माझ्या पोटात इतक्या मायेने निजवली गेली, की मलाही ती चूक वाटली नाही.

मग संगणक आले. छापील पुस्तके त्यांच्यात गेली. हस्तलिखितांची चार हजार कार्डे ‘नंतर पाहू’ म्हणून माझ्यातच राहिली आणि मी तळघरात गेले. तिथे माझ्या पितळी मुठींवर ऋतू नुसतेच साचत राहिले. एका जूनमध्ये माथ्यावर पिवळी चिठ्ठी चिकटली: शुक्रवारी मोडीत.

त्या शुक्रवारच्या आदल्या दुपारी ग्रंथपाल कामादा एका पासष्टीच्या रंगारणीला खाली घेऊन आली. किनु आजी त्या सैन्यात गेलेल्या रंगाऱ्याची लेक. वडील परतले नाहीत, घर पुढे आगीत गेले. त्यांच्या हातचे म्हणावे असे उरले होते ते, इथे धाडल्याचे आई सांगे ती वही, आणि बाळपणीच्या किमोनोची एक गडद लाल चिंधी. तो लाल आजींना आयुष्यभर साधला नव्हता. राखेच्या पाण्यात फूल आपला रंग सोडते, एवढे त्यांना ठाऊक होते. राख कशाची, ते नव्हते. पेंढ्याची झाली, ओकची झाली, रंग फिकाच. पंधरा दिवसांत फुले खुडायला येणार होती.

आजींनी ‘तो’चा खण तीनदा पालथा घातला. काही खण अलीकडे, ‘शो’मध्ये ते कार्ड होते. मला ठाऊक होते, आणि मला वाचा नव्हती.

कामादा चहा घेऊन आली. दुसऱ्या हातात आजींचा अर्ज होता.

“शोजी-आजी, थोडा चहा घ्या.”

आजींनी मान वळवली नाही.

“अहो, शोजी-आजी!”

“कुणाला हाका मारतेस गं? इथं आणखी एक म्हातारी दडलीय का?”

“तुम्हालाच. अर्जावर लिहिलंय की!”

“तोकाइरिन!” आजी कडाडल्या. “हे नाव टिकावं म्हणून ते लावणारा घरजावई नवरा केला मी, आणि तू उभ्या उभ्या पुसून टाकलंस? कुठली गं तू?”

“अकिताची,” कामादा ओशाळली.

“तरीच! तिकडं सगळे शोजीच.”

कामादा हसली, आणि हसता हसता थांबली. तिने खणातले एक कार्ड उलटे करून शिक्का पाहिला.

“आजी, कुसानागी... हे नावसुद्धा आमच्याकडचंच.”

तिने ‘शो’चा खण ओढला. विसाव्या कार्डाशी तिची बोटे थबकली.

वही आली. वडिलांचे जुन्या वळणाचे अक्षर आजींना लागेना, म्हणून कामादानेच वाचले: “राख कुंपणामागच्या चाकवताची. हिरवा कापू नये. किनु त्यात लपून टोळ धरते. तिचा खेळ संपला आणि तो वाळला, की मग कापावा.”



“तण म्हणून उपटून फेकते गं मी तो,” आजी म्हणाल्या. “चाळीस वर्षं. दर वर्षी.” मग वहीवर हात ठेवून हलकेच, “पुन्हा वाच. राखेचं राहू दे. टोळांचं वाच.”

कामादाने नवे कार्ड लिहिले आणि नावाशेजारी बारीक अक्षरांत उच्चार दिला. जुने कार्ड मात्र तिने काढले नाही. त्यावर ‘पाहा: तोकाइरिन’ एवढेच लिहून ते जागच्या जागी ठेवले. पिवळी चिठ्ठी गेली. आता ती रोज दहा-बारा कार्डे तपासते. अशी आणखी किती माणसे माझ्यात परक्या नावाने राहत असतील, कोण जाणे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ झटका, त्यांना वाळवीपासून जपा, हे मागणे माझेही आहे. पण त्याहून मोठे मागणे निराळे आहे. कुणाचे नाव लिहून घ्याल तेव्हा क्षणभर मान वर करा आणि विचारा, “तुमच्याकडे हे कसं म्हणतात?” अठ्ठावन्न वर्षे एक बाप माझ्या आत होता, आणि मी त्याच्या लेकीला हाक मारू शकले नाही. मी लाकूड आहे. तुम्हाला तोंड आहे.