दोन अंश जास्त

मी प्रयोगशाळेतला शिपाई. बावीस वर्षं काचेची भांडी धुतोय. पोरं मला मामा म्हणतात, आमचे सरसुद्धा मामाच म्हणतात.

त्या दिवशी वर्गातली सगळ्यात शंकेखोर पोरगी वही घेऊन सरांपुढे उभी राहिली. "सर, द्रव एकोणऐंशीला उकळतोय. तुमच्या शोधनिबंधात एक्याऐंशी छापलंय. मी तीनदा बघितलं."

जुन्या थर्मामीटरची काच धूसर झाली म्हणून मीच तिला नवा काढून दिला होता. आता मी दोन्ही उकळत्या पाण्यात बुडवले. नवा बरोबर शंभर दाखवतोय, सरांनी वापरलेला जुना एकशे दोन. आता काय झाकणार?

सरांनी तिला बाहेर थांबवलं.

"सर, चूक झाली म्हणून कळवून टाका," मी म्हटलं. "थर्मामीटर चुकला, तुम्ही थोडेच?"

"सोमवारी बढतीची मुलाखत आहे, मामा. त्या एका आकड्यावर चार निबंध उभे आहेत."

चार कसले, एकाच कापडाचे चार रुमाल.

"सोळा वर्षं जीव तोडून शिकवतोय. अर्जात शिकवण्याला गुण किती? पाच. एकेका निबंधाला दहा. धाकटा भाऊ विचारतो, दादा, तू अजून तिथंच?"

हाच माणूस पहिल्या तासाला दरडावायचा, आकडा पेनानं लिहा, खाडाखोड दिसली तर वही फेकून देईन. एकानं शेजाऱ्याचा आकडा उतरवला तेव्हा खरंच खिडकीतून फेकली होती. खाली जाऊन मीच उचलून आणली. तेव्हा मास्तर होता लेकाचा. आता नुसता अर्जदार उरलाय.

सरांनी पोरीला आत बोलावलं.

"नव्याचा भरवसा नाही. जुन्यानं घे."

"पण सर, मामांनी आत्ताच दोन्ही पाण्यात..."

"मामा भांडी धुतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नळ सोडला आणि खाली मान घालून धुवायला लागलो. नोकरी मलाही टिकवायची आहे.

तिनं एकोणऐंशी खोडलं, एक्याऐंशी लिहिलं. सरांनी वही फेकली नाही. दहापैकी दहा दिले.

बढती झाली. दारावरची नवी पाटी मीच ठोकली.

पुढच्या प्रयोगाला पोरगी आली आणि बर्नर पेटवायच्या आधीच वहीत आकडा लिहून मोकळी झाली.

"अगं, मोजून तरी बघ."

"कशाला मामा? उत्तर छापलेलं आहे की."

मी गॅस बंद केला.